देव्हाऱ्यातली निलगिरी

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांना दमा होता. रुमालावर निलगिरीचं तेल टाकून हुंगलं की त्यांना बरं वाटायचं. दारात झाडच असलं तर त्याखाली बाज टाकून बसेन, असं त्या म्हणायच्या. म्हणून माझ्या भावानं हैदराबादेहून निलगिरीची मूठभर बोंडं आणून दिली. निजामाच्या राज्यात आमच्या जुन्या जालन्यात ते झाड दारी लावलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

बोंडं कापडावर वाळवली तशी आपोआप उकलली आणि तपकिरी भुसा सांडला. आमचे मालक म्हणाले, तंबाखू दिसतेय, चुना आण. मी मात्र हट्टाला पेटले. भुशात खसखशीहून बारीक काळे कण होते. एक कण कागदावर नखानं चिरडला, पांढरा ठिपका उमटला. भुसा चिरडला तर नुसती धूळ. मग काय, सगळे काळे दाणे वेचले आणि मातीच्या पसरट परळात चाळलेल्या वाळूवर पेरले. वरून पाणी घातलं तर वाहून जातील म्हणून परळ पाण्याच्या परातीत ठेवायची.

रोपं आली. लालसर देठाची, दोऱ्याएवढी. मी रोज आत्याबाईंचं बोट धरून त्यांवर फिरवायची, कारण मोतीबिंदूमुळं त्यांना दिसत नव्हतं. नवरात्र आलं. देव्हाऱ्यात अखंड दिवा, ऊब चांगली, म्हणून परळ मी घटाशेजारी नेऊन ठेवला. आत्याबाई म्हणाल्या होत्या, तिथं नको, गर्दी होईल. मी ऐकलं नाही.

दसऱ्याला घट उठला. घटाभोवती उगवलेलं धान उपटून घरच्यांच्या डोक्यात खोवायचा मान आत्याबाईंचा. त्यांनी चाचपडत मूठ भरली आणि पहिल्यांदा माझ्याच अंबाड्यात खोवली. मानेवर वाळू पडली. हात लावून पाहिलं आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर आला.

"आत्याबाई, धान तिकडं हाय. ही निलगिरी उपटली तुम्ही."

हे सांगायची काही गरज नव्हती. सणाच्या दिवशी त्यांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी माझ्या केसांतून एकेक रोप काढलं आणि परळात परत खुपसू लागल्या. मुळं तुटलेली. श्वास लागला होता, तरी हात थांबेना.

"लागंल का गं?"

मी न्हाई म्हणाले. परळ तिथं ठेवला ही चूक माझीच, हेही सांगितलं. पण त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही.

संध्याकाळी सोनं द्यायला माणसं येऊ लागली. जो पाया पडेल त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवत आत्याबाई धापा टाकत सांगत होत्या, "माझ्या सुनेनं लई हौसेनं झाड लावलं होतं. म्या उपटलं."