तोकुजीचा गुडघा

ऐन उमेदीत सुमो खेळताना तोकुजीचा गुडघा निकामी झाला, तेव्हापासून तो सफरचंदाच्या बागेत लंगडतच राबला. एके दिवशी तो तोक्योच्या आखाड्यात मुलाचा, केइगोचा सराव बघायला आला होता. पाहुण्याने चकार शब्द काढायचा नाही, हा इथला रिवाज.

वरच्या दर्जाच्या पैलवानाने केइगोला सातव्यांदा आपटलं, तसा पोराच्या गुडघ्यातून कट्‌कन आवाज आला. तो आवाज तोकुजीच्या चांगल्या ओळखीचा होता.

"ऊठ रे ढोल्या! आईच्या मांडीवर झोपलायस काय?" वस्ताद खेकसले.

केइगोने काकुळतीने बापाकडे पाहिलं. शेवटी तोकुजीने रिवाज मोडलाच.

"ऊठ, लेका!" तो ओरडला. "गावात तोंड दाखवायचंय मला!"

केइगो उठला, पुन्हा भिडला.

आता त्या बागेत दोघं लंगडतात. एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत.