इन्सुलिनच्या डब्यातली कुपी

रविवारी सकाळी पवईच्या लॅबमधला फ्रीज मी अख्खा उपसला. कुपी नव्हतीच. बोटाच्या पेराएवढी ती कुपी, तळाशी थेंबभर अँटिबॉडी, लॅबमध्ये तेवढीच उरलेली. माणसाच्या पेशीत एक प्रथिन असतं, 'वाढ' असा निरोप पुढे पोचवणारं. बाकी प्रथिनांच्या गर्दीतून ही अँटिबॉडी नेमकी त्यालाच जाऊन चिकटते आणि स्क्रीनवर काळी रेघ दिसते. 'ही रेघ पुन्हा काढून दाखवा' म्हणून जर्नलकडून माझा पेपर परत आला होता, आणि नवीन कुपी परदेशातून येईस्तोवर मुदत संपली असती. म्हणजे पुरती वाट लागली होती.

मग आठवलं. काल ॲप्रन धुवायला भांडुपला घरी टाकून मी हॉस्टेलवर परतले होते आणि कुपी खिशातच होती. आता ती मशीनमध्ये फिरून निघाली असणार. पाचावर धारण बसली. आईला फोन लावला.

"खिशातली बाटली ना? कालच काढली मी. फ्रीजमध्ये आहे, बाबांच्या इन्सुलिनच्या डब्यात."

जीव भांड्यात पडला. अँटिबॉडीलाही इन्सुलिनइतकाच गारवा लागतो. आईचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला, पण तेव्हा मला कुठलं सुचतंय.

घरी पोचले तर आई दारातच उभी.

"किती दिवस लपवतेयस?"

"काय लपवतेय?"

"त्या बाटलीवरचं नाव गुगल केलं मी. सगळीकडे कॅन्सरच येतंय."

मी कपाळाला हात लावला. ते प्रथिन बिघडलं की पेशी बेफाम वाढत सुटतात, मग दुसरं काय येणार. कुपीवर नावाखाली बारीक अक्षरात 'फक्त संशोधनासाठी' लिहिलं होतं, तेवढं नेमकं हिने वाचलं नाही.

"अगं बाई, औषध नाहीये ते. कुणाला टोचत नाहीत. मला काहीही झालेलं नाही."

तिने दोनदा तेच वदवून घेतलं, मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. बाबांना तर तिने काही सांगितलंच नव्हतं. ते म्हणाले, "बरं झालं आलीस, उद्या सकाळी मी तीच टोचून घेतली असती."

बाबा प्रवासात इन्सुलिन नेतात त्या गार पिशवीतून कुपी परत नेली. सोमवारी रेघ आली, काळीभोर, जिथे यायला हवी तिथेच. मी खुर्चीत बसून एकटीच हसत राहिले.

संध्याकाळी घरी सुरमई तळली होती. माझ्या आणि बाबांच्या ताटात तुकड्या, आईच्या ताटात नुसता वरणभात.

"हे काय? सुरमई म्हणजे तुझा जीव की प्राण ना?"

"वर्षभरासाठी मासे सोडलेत. शनिवारीच देवीला बोलले, पोरीला बरी कर म्हणून."

"आई, मला काही झालंच नव्हतं गं."

"मग? पावली ना," ती म्हणाली, आणि तिच्या वाटणीची तुकडी माझ्या ताटात वाढली.