कोलोनऐवजी सर बनी यास

आम्हाला जायचं होतं युरोपात, शार्त्र, रँस आणि कोलोनची कॅथेड्रलं बघायला. गेलो सर बनी यासला. अबू धाबीच्या पश्चिम टोकाला, रुवैसच्या रिफायनरीच्याही पुढे हे बेट आहे. तिथे तेराशे वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. ही पोस्ट त्या दोन दिवसांची. शांतपणे लिहायचं ठरवून तीनदा बसले, जमलं नाही. म्हणून आता जसं येईल तसं लिहिते.

माझे बाबा कराडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये एकतीस वर्षं स्थापत्य शिकवायचे. अभ्यासक्रमात गॉथिक कॅथेड्रलला जेमतेम दोन तास होते, बाबा आठ घ्यायचे. कॅथेड्रलचा अख्खा छेद ते पुस्तकात न बघता फळ्यावर काढायचे. टोकदार कमानी, छताच्या दगडी फासळ्या, आणि भिंती बाहेर कलंडू नयेत म्हणून बाहेरून दिलेले ते कमानदार टेकू. प्रत्यक्षात एकही पाहिलं नव्हतं. आता ते चौऱ्याहत्तरचे आहेत, डावा डोळा काचबिंदूने गेल्यात जमा आहे आणि उजव्याची डॉक्टर खात्री देत नाहीत.

म्हणून या डिसेंबरच्या सुट्टीत त्यांना न्यायचंच असं ठरवलं. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा निलेश आणि पंधरा वर्षांची मुलगी इरा, दुबईजवळच्या अजमानला राहतो. आमचे शेंगेन व्हिसा दुबईतून आले. बाबांनी मुंबईतून अर्ज केला होता. त्यांचा नाकारला. छापील कागद, त्यात चौकटी, आणि एका चौकटीत खूण: मुदत संपल्यावर परत जाण्याचा इरादा खात्रीलायक वाटत नाही. ज्या माणसाला आमच्याकडे अजमानला तिसऱ्या आठवड्यात कराडच्या घरातल्या कुंड्यांची काळजी लागते, त्याच्याबद्दल हे.

बाबा फोनवर म्हणाले, "जाऊ दे. तुम्ही जाऊन या. फोटो काढा."

निलेश म्हणाला, "टेक्निकली ते बरोबर बोलतायत. आपली तिकिटं नॉन-रिफंडेबल आहेत."

त्या संध्याकाळी मी निलेशशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच तिकिटं रद्द केली आणि बाबांचं मुंबई-शारजा तिकीट काढलं. यूएईचा व्हिजिट व्हिसा दोन दिवसांत आला. सर बनी यास इराने शोधलं. "मॉम, देअर इज अ चर्च हिअर. लाइक, अ रिअली ओल्ड वन."

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. बेटाची बोट जिथून सुटते तो जेबेल धन्नाचा धक्का अजमानहून साधारण चारशे किलोमीटर. आम्ही दुबईतल्या गर्दीत न शिरता एमिरेट्स रोड धरला. तिथे ट्रक भरपूर, पण गाडी अडत नाही. अबू धाबी मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना नुसती पिवळी सपाटी. एका पंपावर कडक चहा प्यायलो, दोन दिऱ्हम, म्हणजे पन्नास रुपयांच्या आसपास. बाबांनी हिशेब करून कप जपून धरला. गाडी स्वतःची असली तरी बेटावर नेता येत नाही, धक्क्यावर ठेवावी लागते. बोटीची जागा हॉटेलच्या बुकिंगबरोबरच ठरवा. ऐनवेळी गेलात तर परत यावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या उघड्या जीपमधून मठ बघायला निघालो. गाइड आधी म्हणाला, "फिफ्टीन मिनिट्स चर्च, देन जिराफ्स." बेटावर जिराफ आणि हरणं आणून सोडलेली आहेत, आणि बहुतेक लोक त्यांच्यासाठीच येतात. पंधरा मिनिटं ऐकून माझी कानशिलं तापली. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "जाऊ दे."

जागेवर मोठं छत घातलंय आणि कडेने चालायची वाट आहे. भिंती कुठे गुडघ्याएवढ्या, कुठे कमरेएवढ्या. मधला रुंद भाग, दोन्ही बाजूंना अरुंद दालनं, पूर्वेकडे वेदीची जागा, भोवती भिक्षूंच्या खोल्या. इथे खोदकामात चुन्याच्या गिलाव्यातले क्रूस सापडले. हे लोक पूर्वेकडच्या चर्चचे, म्हणजे इराक-इराणकडच्या जुन्या ख्रिस्ती पंथाचे होते. इस्लाम या भागात आल्यावरही कित्येक वर्षं ते इथेच राहत होते, कोणी त्यांना हुसकावल्याच्या खुणा नाहीत.

बाबा कठड्याला धरून वाकले. उजवा डोळा पुढे यावा म्हणून मान तिरकी केली.

"इरा, इथलं छप्पर जड होतं की हलकं?"

"हाउ वुड आय नो? देअर इज नो रूफ, आजोबा."

"भिंतींकडे बघ. बाहेरून कुठे टेकू दिसतो?"

इराने नीट पाहिलं. "नो."

"दगडी छत भिंतींना बाहेर ढकलतं. इथे ढकलायला कोणी नव्हतं. म्हणजे लाकूड असणार, वर झावळ्या. आता ह्याच आराखड्याची उंची वीस पट कर आणि डोक्यावर दगड ठेव. काय होईल?"

"इट'ल फॉल."

"मग तू काय करशील?"

ती वाटेवरच उकिडवी बसली आणि फोनवर बोटाने रेषा काढू लागली. सहा-सात मिनिटांनी तिने दाखवलं: भिंत, थोड्या अंतरावर एक खांब, दोघांना जोडणारी अर्धी कमान. बाबांनी फोन उजव्या डोळ्याजवळ नेला. मग म्हणाले, "शार्त्रच्या गवंड्यांनी हेच केलं."

आमच्या जीपमध्ये एक जर्मन गृहस्थ होते, साठीचे, सभ्य. ते ऐकत होते. त्यांनी बाबांना इंग्रजीत विचारलं, "तुम्ही कोलोनचं कॅथेड्रल पाहिलंय? मी तिथलाच."

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी विचारलं, दक्षिणेकडच्या मनोऱ्याचं काम शेकडो वर्षं अर्धवट पडलं होतं आणि वर लाकडी क्रेन तशीच उभी होती. तर जुनं बांधकाम संपून नवं कुठे सुरू होतं, ते खालून डोळ्यांना कळतं का?

ते गृहस्थ हसले. "खरं सांगू? स्टेशन अगदी शेजारी आहे. नोकरीत होतो तेव्हा रोज तिथे गाडी बदलायचो. वर कधी नीट पाहिलंच नाही. तुम्ही एकदा याच."

माझा तोल गेला. "त्यांनी अर्ज केला होता," मी म्हटलं. "नाही म्हणाले. तुम्ही रोज तिथून जाता आणि मान वर करत नाही. ह्यांनी ते आयुष्यभर फळ्यावर काढलं, आणि ह्यांना सांगितलं की तुम्ही तिथेच राहून जाल म्हणून. कशासाठी राहतील? तुमच्या स्टेशनावर गाडी बदलायला?"

गृहस्थांचा चेहरा पडला. ते सॉरी म्हणाले. त्यांची काहीच चूक नव्हती, हे मला बोलतानाही कळत होतं. गाइड हळूच म्हणाला, "यल्ला, लेट्स गो, मॅडम, जिराफ्स."

निलेश आणि इरा जीपमध्ये चढले होते, बाबा चढले नाहीत. मराठीत, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "पाहुण्या माणसाशी असं बोलतात? माफी माग."

मी मागितली. ते गृहस्थ म्हणाले, जिराफ बाकीचे बघतील, आपण इथेच थांबू. गाइडने वायरलेसवर कुणाशी तरी बोलून तासाभराने परत यायचं कबूल केलं. निलेश आणि इरासुद्धा उतरले. त्या तासात बाबांनी वाटेच्या कडेने पावलं टाकून मठाची लांबी-रुंदी अंदाजली, इराने आकडे लिहून घेतले. ते गृहस्थ मोजपट्टी धरल्यासारखे दुसऱ्या टोकाला उभे राहिले. मी कठड्याशी बसून होते. चांगला तास होता. तरी माझा राग उतरला नाही.

परतीच्या वाटेवर रुवैसला एका केरळी हॉटेलात जेवलो. मासळीचं कालवण आणि भात मनसोक्त, जरूर थांबा. बाबा हात धुऊन आले तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला राग येत नाही का? सारखं जाऊ दे, जाऊ दे."

ते म्हणाले, "तुझ्याएवढाच येतो. पण मी रागावलो तर तू आणखी रागावशील. मग गाडीत बसायला जागा उरणार नाही."

निलेश हसला. मला हसू आलं नाही.

बाबांना कराडला जाऊन आता महिना झालाय. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते: सर बनी यासला नक्की जा, हिवाळ्यात जा, आणि मठासाठी जास्त वेळ मागून घ्या, मागितला तर देतात. पण दुसरीकडचं दार बंद झालं म्हणून जाऊ नका. त्या जागेवर तो अन्याय होतो. मी तो केला. तिथे बसून मी सबंध वेळ कोलोनचाच विचार करत होते.

गेल्या गुरुवारी बाबांना त्यांच्या जुन्या पॉलिटेक्निकने एका तासासाठी बोलावलं. त्यांनी सर बनी यासचा आराखडा फळ्यावर काढला. आजवर ते 'पुस्तकात असं दिलंय' म्हणून सुरुवात करायचे, या वेळी 'मी पाहिलं ते असं' म्हणाले. शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, आणि युरोपातली कॅथेड्रलं?"

"काय सांगितलंत?" मी फोनवर विचारलं.

"म्हटलं, ती मला बघू दिली नाहीत," बाबा म्हणाले. "वर्गात सगळ्यांसमोर म्हटलं."