व्हॉल्व्हवरची माळ

मालक म्हणत होते, नुसतं सर्टिफिकेट मागव. तरी मी हट्टानं बॉयलर तपासणाऱ्यांनाच आमच्या बोदवडच्या तेल गिरणीत बोलावलं.

ते आले, चहा नको म्हणाले आणि बॉयलरच्या पत्र्यावर तळहात फिरवत सावकाश हिंडले. सेफ्टी व्हॉल्व्हपाशी थबकले. वाफेचा दाब वाढला की तो आपोआप उघडतो, नाहीतर बॉयलर फुटतो. दसऱ्याच्या पूजेत कुणीतरी त्यालाच झेंडूची माळ तारेनं आवळून बांधली होती.

‘कोणी बांधली रे?’ मी ओरडलो.

‘रागावू नका, साहेब,’ तपासणारे म्हणाले. ‘मना धाकला भाऊनी बी अशीच बांधेल व्हती.’

त्यांनी तार सोडवली, सुकलेली माळ कपाळाला लावली.

त्या भावाचं काय झालं, ते आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.