पायाळू हरणाबाईची कंबर

हरणाबाई पायाळू जन्मली, म्हणजे पाय आधी आणि डोकं मागून. त्या बाळंतपणात तिची आई गेली. "आईला खाऊन आली" असं जे लोक तिला म्हणत, तेच कमरेत उसण भरली की तिच्या दारात पालथे पडत. पायाळूची लाथ लागली की उसण जाते, हे आमच्या रहिमतपूरकडं शेंबडं पोरही सांगेल. त्याबद्दल पायाळूनं सुपारीसुद्धा घ्यायची नाही, घेतली तर गुण जातो म्हणे. हा नियम कोणी काढला ते मला माहीत नाही, पण पायाळू माणसानं नक्कीच काढलेला नाही.

तिचं लग्नही पायामुळेच जमलं. सासू धोंडुबाईची कंबर सदा धरलेली. घरात फुकटची लाथ येते म्हणून तिनं ही सून केली. दिवसभर सुनेला शिव्या द्यायच्या आणि दिवेलागणीला तिच्यापुढं पालथं पडायचं, असा संसार. वळीव गडगडू लागला की खुरपणाऱ्या बायका हरणाबाईला बांधापलीकडं हाकलायच्या, कारण वीज पायाळूवर पडते. ती गुमान जाऊन भिजत उभी राहायची. मी तिची शेजारीण, मला तिच्या त्या गुमानपणाचा फार राग यायचा.

साठी उलटली आणि तिचीच कंबर गेली. कमरेतून निघालेली कळ टाचेपर्यंत जायची. स्वतःची लाथ काही स्वतःच्या कमरेला बसत नाही. आणि तिनं ज्यांच्या पाठी मोकळ्या केल्या, त्यांतला एकही दुसरा पायाळू शोधायला शेजारच्या गावापर्यंत गेला नाही. तिला दुखण्याचं एवढं वाटत नव्हतं. सून शालूबाई तिला परसाकडं धरून न्यायची आणि पदर नाकाला लावून, वाटेवरच्या बायकांना ऐकू जाईल असं बोलायची.

"एकदा आपल्या पायानं परसाकडं जाऊ दे मला," हरणाबाई मला म्हणाली, "मग मरान आलं तरी चालंल."

चौऱ्याहत्तर साली मुलगा कृष्णात पलटणीतून सुट्टीवर आला. त्यानं आईला पाठुंगळी घेऊन रेल्वेत घातलं आणि मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन मणक्यांमधली गादी सरकून शीर दाबली गेलीय. या वयात पाठ उघडायला नको, लांब सुईनं तिथंच औषध सोडून बघू. चाकू नाही, टाके नाहीत. "जल्मभर लोकांस्नी पालथं पाडलं, आज माजी पाळी," असं म्हणून ती टेबलावर हसली, कृष्णात सांगत होता. कळ ओसरली. पाडव्यापर्यंत फळीवर झोपायचं, हळूहळू चालायचं, पण वाकायचं नाही आणि लाथ तर मुळीच मारायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

घरी आल्यावर एका सकाळी हरणाबाई टमरेल घेऊन एकटी गेली आणि एकटी परत आली. मला बघून नव्या नवरीसारखी लाजली. मलाच रडू आलं.

कृष्णात पलटणीत परतला आणि आठवड्याच्या आत लालासाहेब उसण घेऊन दारात हजर. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या त्याच्या हातात.

"काकी, एक लाथ द्या. श्वास घेता ईना झालाय."

"डाक्टर नगं म्हणालाय, लालासाहेब. माजी गादी पुन्ना सरकंल."

"आवं, माणसालाच मारायचीय, बैलाला न्हाई!"

शालूबाई पुढं झाली. "आत्या, उसाला पानी पायजे का नगं? उठा." तिनं सासूच्या बगलेत हात घालून तिला उभं केलं.

लालासाहेब उंबऱ्यावर पालथा पडलाच होता. हरणाबाईनं नुसता पाय लावला. "जोरात!" तो खालून ओरडला. दुसऱ्या लाथेला ती त्याच्याशेजारीच कोसळली. किंकाळी ऐकून मी धावले, तर लालासाहेब उभा राहून कंबर वळवून बघत होता. "गेली गड्या उसण," म्हणाला. हरणाबाई मात्र पडली ती पडलीच.

सुईनंच तिची वाट लावली, असं लालासाहेबानं गावभर केलं आणि गावाला ते पटलं. तिला पुन्हा मिरजेला न्या म्हणून मी शालूबाईशी कडाकडा भांडले. पण कृष्णातची पुढची सुट्टी वर्षानं, आणि तोवर पाय लुळे पडले. त्यानं पुन्हा मिरजेला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. आमच्या गावाची गरज सरत नाही, म्हणून वैद्याला मरायचीही सोय नाही. लोक अजून येतात आणि पालथे पडतात. शालूबाई म्हातारीला उंबऱ्याजवळ ओढते आणि तिचा लुळा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या कमरेवर आपटते. त्या पायाला आता काही कळत नाही. गुण तेवढा येतो, असं लोक सांगतात.

परसाकडं नेणं केव्हाच बंद झालं, सगळं अंथरुणातच. कोणी पाय लावून घ्यायला येणार असलं तरच शालूबाई अंथरूण बदलते, चार माणसांत वास नको म्हणून. परवा मी गेले तर हरणाबाई हात जोडून पुटपुटत होती. देवाकडं काय मागताय, विचारलं.

"भैरुबाला म्हणतीया, गावात कुनाची तरी कंबर धरू दे रं बाबा," ती म्हणाली. "लय दिस झालं, कुनी आलंच न्हाई."