होस्त म्हणजे पावणं

११ एप्रिल. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी चटणीच्या मिरच्या उन्हात पसरत होते. आई सावलीत खुर्ची टाकून सूचना देत होती. जानेवारीत न्हाणीघरात पाय घसरून तिचं मनगट मोडलं. हाड आता जुळलंय, पण जिना चढताना ती कठडा नको तेवढा घट्ट धरते. माझे वडील, अण्णा, गेल्यापासून एकटीच असते. धाकटी बहीण गारगोटीला, आणि तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू. म्हणून मी ठरवूनच आले होते, की या उन्हाळ्यात आईला तीन महिने तरी ब्रनोला माझ्याकडे न्यायचं. आईनंही ठरवलं होतं, की जायचं नाही.

याच जिन्यानं वीस वर्षांपूर्वी मी दोन बॅगा घेऊन उतरले. नवऱ्याला चेक देशातल्या ब्रनो शहरात फाउंड्रीत नोकरी लागली होती. तो कोल्हापूरचा फाउंड्रीवाला. भट्टी दिसली की त्याला गाव आपलंच वाटतं. माझं तसं नव्हतं. मुंबईच्या बसपाशी अण्णा बॅगांची कुलपं पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. "पोचलीस की फोन कर, आन् उपाशी झोपू नको," एवढंच बोलले. आई रडली नाही. खिडकीपाशी येऊन म्हणाली, "आता येशील ती पावणी म्हणूनच." मला इतका राग आला, की रडायचं राहूनच गेलं.

आईनं आपलं बोलणं खरं केलं. मी आले की नवी चादर निघते, तव्यावरची पहिली भाकरी मला, आणि मी झाडू हातात घेतला की ती काढून घेते. तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत त्यांना हे सांगायला नको. जे मागे राहिलात त्यांना सांगते, आपल्याच घरात पाहुणचार घेणं हे फार दमवणारं काम आहे.

तिकडे पहिलं वर्ष शब्दांशी झटापटीत गेलं. चेक भाषा इंग्रजीच्याच अक्षरांत लिहितात. त्यामुळे रस्त्यात ओळखीचा चेहरा दिसावा, जवळ जावं आणि माणूस भलताच निघावा, असं दिवसभर चालायचं. 'मोस्त' म्हणजे पूल. 'लिस्त' म्हणजे यादी नव्हे, झाडाचं पान. वरच्या मजल्यावरची शेजारीण माझ्याबद्दल 'सिंपातित्स्का' म्हणाली, तेव्हा इंग्रजी 'सिंपथी' आठवून वाटलं, माझी कीव करतेय. ती म्हणत होती, बाई छान आहे. आणि 'नो' हा तिथं नकार नाही, आपल्या 'व्हय की'सारखा होकार आहे. मी भाजीवालीला "नो, नो" म्हणत राहिले आणि ती पिशवीत कोबी भरत राहिली.

सगळ्यात मजेचा शब्द 'होस्त'. इंग्रजीतला होस्ट म्हणजे यजमान. नवऱ्याच्या एका सहकाऱ्यानं वाढदिवसाला बोलावलं, तर आमंत्रणात माझ्या नावापुढे हाच शब्द. मला वाटलं, इथली रीतच अशी असेल, काम वाटून घेत असतील. मोठं पातेलंभर अख्खा मसूर आणि चपात्यांची चळत घेऊन मी हजर झाले. चेकमध्ये होस्त म्हणजे पाहुणा, हे तिथं पोचल्यावर कळलं. मंडळींनी पातेलं पुसून खाल्लं, आणि पुढं कुठंही बोलावलं की हळूच विचारायचे, "पातेलं आणणार ना?" नंतर शब्दकोशात पाहिलं. यजमान आणि पाहुणा, दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळापासून आलेले. एक इकडं नांदला, एक तिकडं.

मला छान म्हणणारी ती शेजारीण, पानी व्लास्ता, या खेपेला माझ्याबरोबर कोल्हापूर बघायला आली होती. 'पानी' म्हणजे बाई. आयुष्यभर ट्राम चालवून ती निवृत्त झाली आहे. आईनं पहिल्याच दिवशी तिचं नाव वत्सलाबाई करून टाकलं, आणि व्लास्ता त्या नावाला ओ देऊ लागली.

मिरच्या पसरून आम्ही खाली आलो तेव्हा मटणाचा बेत तयार होता. तांबडा, पांढरा, सुकं, ज्वारीच्या भाकरी. चेक लोकांत ताटात काही टाकलं तर ते रांधणारणीचा अपमान समजतात. आमच्या आईला ताट रिकामं दिसलं की तो तिचा स्वतःचा अपमान वाटतो. म्हणजे एक संपवतेय आणि दुसरी भरतेय.

"संगे, वाढ की तिला. ताट कोरडं पडलंय बघ."

"आई, पुरे. तिचं पोट भरलंय."

"तुला काय कळतंय? खातीय की बिचारी."

व्लास्ताच्या कपाळावर घाम आला होता. तिनं चेकमध्ये विचारलं, हे कधी थांबतं? मी म्हटलं, ताटावर आडवा हात धर. तिनं धरला. आईनं बोटांच्या फटीतून पांढरा रस्सा वाढला.

ते बघून मला हसू आवरेना. आईला म्हटलं, हिच्या भाषेत पावण्याला होस्त म्हणतात, आणि इंग्रजीत तोच शब्द वाढणाऱ्याला.

"मग भांडी कुणी घासायची?" आई म्हणाली. "ते आधी ठरलं पायजे की."

ते व्लास्तानं लगेच ठरवलं. ती उठली, तिघींची ताटं उचलली आणि मोरीत बसून घासायला लागली. आई धावली. "आवं वत्सलाबाई, उठा! पावण्यानं भांडी घासायची? शेजारपाजारची शेण घालतील माझ्या तोंडात!" व्लास्ता हटली नाही. मला म्हणाली, "आईला सांग, नुसतं बसून खायला लावलं तर मी परवा परत जाईन. मला असं राहता येत नाही."

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. हे आईचंच वाक्य होतं. दर रविवारी फोनवर मला ऐकवलेलं. "तुझ्याकडं येऊन नुसतं बसून खायाचं? लेकीच्या दारात पावणी म्हणून? मला न्हाय जमायचं."

आईनं व्लास्ताच्या पाठीकडं बघितलं. मग गच्चीवरच्या मिरच्यांची दोन सुपं भरून आणायला मला पिटाळलं, आणि मी आणल्यावर त्यातलं एक भांडी घासून आलेल्या व्लास्तापुढं सरकवलं. "घ्या. देठ मोडा." दुसरं सूप माझ्यापुढं आलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. तिघी शिंकत शिंकत देठ मोडत बसलो. व्लास्तानं हात डोळ्याला लावला आणि बोंबलली. आईनं दुधाची पट्टी ठेवली आणि सांगितलं, "आता झाला तुम्ही घरच्या."

संध्याकाळी चहा पिताना तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "तिकडं ज्वारीचं पीठ मिळतंय?"

"मिळतं. लांब जावं लागतं."

"ट्राम जाती काय?"

"जाते."

"मग ही वत्सलाबाई न्हेल की मला." आईनं कप खाली ठेवला. "मी आलो तर सैपाक मी करणार. पहिल्या दिवसापासनं. मधी मधी यायचं न्हाय."

माझं स्वयंपाकघर हातचं जाणार, हे मला तेव्हाच कळलं. मी हो म्हटलं. घर म्हणजे काय, याचा मी इतकी वर्षं उगाच काथ्याकूट केला. जिथं तुम्हाला न विचारता कामाला लावतात, ते घर. असं एक माझं कोल्हापुरात आहे, एक ब्रनोत आहे, आणि दोन्हीकडं आता आईची सत्ता चालणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला पासपोर्टच्या फोटोसाठी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत घेऊन गेले. व्लास्ता बरोबर होतीच. फोटोवाला म्हणाला, "मावशी, हसू नका. पासपोर्टला चालत न्हाय."

"मी कुठं हसतोय? माझं तोंडच असं हाय."

मी ते व्लास्ताला सांगितलं, तशी ती खो-खो हसली. तिला बघून आईही हसत सुटली. शेवटी वत्सलाबाईंना दुकानाबाहेर उभं केलं, तेव्हा कुठं फोटो निघाला.