आमचं मैदान साफ झालं

शनिवारी सकाळी करंजाड्याला आमच्या मैदानावर पोहोचलो आणि स्कूटर बंद करायचं भानच राहिलं नाही. आधी वाटलं, चुकीच्या प्लॉटवर आलोय. मागे वळून पाहिलं. रस्ता तोच, अर्धवट उभी राहिलेली इमारत तीच, कोपऱ्यावरचा चहावालाही तोच. समोर मात्र तळहातासारखी सपाट जमीन पसरली होती. रोलर फिरवलेला, वर पाणी मारलेलं आणि त्यावर पांढऱ्या फक्कीने आखलेल्या लंबगोल रेघा. एका कडेला मांडव, लाल खुर्च्या, लाकडी स्टेज.

आमचा एकही दगड तिथे नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुण्याची आणि नाशिकची मुलं पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होती. त्याच दगडांवर सायकल चालवायला येणार होती. 

दगडांवर सायकल, असं म्हटलं की लोक माझं डोकं ठिकाणावर आहे ना ते बघतात, म्हणून थोडं सांगतो. या खेळाला ट्रायल्स म्हणतात. सायकलला सीट नसते. रायडर पेडलवर उभा राहतो, ब्रेक दाबून दोन चाकांवर तोल सांभाळतो आणि सायकलसकट उड्या मारत दगडांवर, ओंडक्यांवर, पाइपांवर चढतो. वेगाचं त्यात काही काम नाही. माणूस चालत जाईल त्याहूनही हळू चालणारा खेळ आहे. मी तो व्हिडिओ बघून शिकलो, चाळिशीच्या आत-बाहेर असताना, आणि त्यात पुढचा एक दात घालवला. बायको म्हणते, दात गेला तेव्हा अक्कल यायला हवी होती. आली नाही. उलट करंजाडे आणि पनवेलच्या सोसायट्यांमधली डझनभर पोरं गोळा झाली.

जागा आमच्यातल्याच एका मुलीच्या चुलत्याची. बांधकाम सुरू होईपर्यंत खेळा म्हणाले. मी न्हावा शेव्याच्या बंदरावर एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरी करतो, त्यामुळे तिथल्या गोदामांतून माल रचायची मोडकी लाकडी पॅलेट मिळायची. केबलची मोठी लाकडी चाकं मिळाली. रस्त्याच्या कामातून उरलेले सिमेंटचे पाइप मिळाले. दगड मात्र पोरांनी एकेक करून आणले, पहारीने लोटत, दोरीने ओढत, हातांची सालटी काढून घेत.

सुरुवातीला आम्ही हौसेने सगळ्याला रंग दिला, बाण काढले. आठवड्याच्या आत पॅलेट कुणाच्या तरी चुलीत गेली आणि केबलचं एक चाक चहाच्या टपरीचं टेबल होऊन बसलं. मी त्या टपरीवाल्याशी कडाकडा भांडलो. त्याने मला कटिंग पाजला आणि चाक काही दिलं नाही. तेव्हापासून आम्ही उलटं सुरू केलं. सराव संपला की पोरं सगळ्यावर फाटकी ताडपत्री, काटेरी फांद्या आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पसरायची. दगडांवर चिखल फासायची. जितकं भंगार दिसेल तितकं सुरक्षित, हा आमचा नियम होता आणि या कामात आमचा हात कुणी धरला नसता. येणारा-जाणारा नाक मुरडून पुढे जायचा. आम्हाला त्याचा फार अभिमान होता.

तर आता मी स्कूटरवर तसाच बसून होतो आणि मांडवातून तिचे वडील हसत हसत माझ्याकडे येत होते.

ती म्हणजे जिच्या चुलत्याची ही जागा ती, आमची सगळ्यात चांगली रायडर. वय पंधरा. कमरेएवढ्या दगडावर मागच्या चाकाने उडी मारून उभी राहते आणि वर जाऊन वेणी नीट करते. तिचे वडील इथल्याच जुन्या गावातले, दोन जेसीबी आणि एक डंपर यांचे मालक. दोन वर्षं त्यांनी पोरीच्या सायकलला विरोध केला होता. ती भांडून, रुसून, कधी आईला मध्ये घालून यायची. मागच्या आठवड्यात मात्र ते स्वतः माझ्या घरी आले. चहा घेतला, खाली बघत म्हणाले, "पोरगी ऐकत नाय सर. आता चालवूंदे. रविवारी आमी सगली येताव बघाय." ते गेल्यावर मी बायकोला म्हणालो, आज मला पगारवाढ मिळाल्यासारखं वाटतंय.

"काय सर!" त्यांनी माझा हात हातात घेतला. नवा शर्ट, कपाळाला गंध. "कसा केलाय मैदान?"

मी स्कूटर एकदाची बंद केली.

"पोरांना किती तरास होता तिथं. सगला भंगार, काटे, दगड. आमच्या पोरी कश्या चालवत असतील? मीच बोललो सगल्यांना, पावने येनार, अशी लाज नाय काढायची. काल दिवसभर जेसीबी लावला."

मागे दुसऱ्या मुलांचे आईवडील उभे होते. एकीच्या हातात झाडू होता. सगळ्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद की मला कुणाकडे बघवेना. दोन वर्षं मी या माणसांच्या मागे लागलो होतो, एकदा या, पोरांचं कौतुक करा. आणि आले ते हे करून बसले.

"दगड कुठे टाकलेत?" मी कसंबसं विचारलं.

"तिकडं इमारतीच्या भरावात. वरून रोलर पन फिरवला. परत दिसायची नाय ती ब्याद!"

मी वर फ्लेक्सकडे पाहिलं. 'हार्दिक स्वागत' आणि खाली ती, सायकलवर. चेहरा तिचा, बाकी सगळं कुठल्या तरी शर्यतीतल्या बाईचं. सायकलला सीट, खाली डांबरी रस्ता. वडिलांच्या दुसऱ्या हातात एक खोका होता. त्यांनी तो उघडून दाखवला. आत नवी कोरी, मऊ गादीची सीट होती. "इतके दिवस पोरगी बिनसीटची सायकल चालवते," ते हळूच म्हणाले, "आनि मी बापाने एक सीट आनून दिली नाय."

माझं डोकं फार लवकर तापतं, हे आमच्या घरी, ऑफिसात आणि त्या टपरीवर सर्वांना माहीत आहे. त्या क्षणीही तापलं. तोंड उघडणार, तेवढ्यात कुणीतरी मागून माझी बाही खेचली. तीच होती. आत्ताच पोहोचली होती, सायकल अजून हातात. चेहरा पांढराफटक.

"काका, काही बोलू नका. प्लीज."

तिने मला पाण्याच्या टाकीपर्यंत ओढत नेलं.

"त्यांना माहीत नाहीये," ती म्हणाली.

"काय माहीत नाहीये?"

"आपण काय करतो ते. त्यांना वाटतं रेस असते. ग्राउंडवर, गोल गोल."

 मैदान गेल्याचा धक्का एकीकडे, हा त्याच्या वरताण होता. सुरुवातीलाच मी तिला विचारलं होतं, घरी माहीत आहे ना? आहे म्हणाली होती, आवडत नाही पण माहीत आहे. मी दोन वर्षं त्यावर विश्वास ठेवून चाललो होतो. "आणि हे पाय?" मी विचारलं. पेडलचे दात लागून तिच्या नडग्यांवर किती व्रण झालेत ते मला ठाऊक होतं. प्रत्येक ट्रायल्सवाल्याच्या असतात.

"खो-खोत पडते म्हणून सांगितलंय."

"अगं, दोन वर्षं खो-खोत पडतेस?"

ती हसली नाही. "काका, त्यांनी हो म्हटलंय ते रेसला म्हटलंय. दगडांना नाही. आता कळलं तर सायकल बंद. कायमची."

मग मलाही सगळं स्वच्छ दिसलं. गप्प बसावं तर उद्या पाहुण्यांना काय दाखवायचं, फक्कीच्या रेघा? आणि दगड परत मागावेत तर त्यांना कळणार की आपली पोरगी आपल्या कमरेएवढ्या उंचीवरून सायकलसकट खाली उड्या मारते. मी म्हणालो, पुण्याला फोन करतो, रद्द झालं म्हणून सांगतो. खोटं कारण काहीही देता येईल. मला खरंच तेवढंच सुचत होतं. त्या पोरीची सायकल माझ्यामुळे बंद पडलेली मला बघायची नव्हती.

तिने टाकीच्या नळाखाली तोंड धुतलं आणि सायकल घेऊन सरळ मांडवाकडे निघाली. मी मागून जवळजवळ धावतच गेलो.

वडिलांसमोर उभी राहून तिने ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत वर केली.

झाडूवाली बाई "अगो बाई" म्हणाली. वडील त्या नडग्यांकडे बघत राहिले.

"पप्पा, हे खो-खोचं नाहीये. आणि ते भंगार नव्हतं. ते आमचे दगड होते. त्यांच्यावर मी सायकल चढवते."

ते आधी हसले. पोरगी चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं. मग माझ्याकडे पाहिलं, मी काही हसलो नाही. तिने पुढे काही समजावलं नाही. सायकलवर उभी राहिली, ब्रेकने नेहमीची किंकाळी फोडली, आणि एका झेपेत ती स्टेजवर. तिथून खुर्च्यांच्या मधल्या वीतभर जागेत मागच्या चाकावर टुणटुणत पलीकडे गेली आणि सायकलसकट खाली उतरली. आईबापांबरोबर आलेली आमची पोरं एरवी अशा उडीला टाळ्या वाजवतात, आज त्यांनीही वाजवल्या नाहीत.

तिचे वडील खुर्चीत बसले.  खोका मांडीवर तसाच. मी आयुष्यात अनेक चकित चेहरे पाहिले आहेत, पण एवढा मोठा, मिशीवाला, गावात ज्याचा शब्द चालतो असा माणूस पोराच्या वयाचा झालेला मी तेव्हाच पाहिला.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं."

"आनि मी काल ते सगला..." ते उठले, कुणाकडेही न बघता जेसीबीकडे गेले, ड्रायव्हरला खाली उतरवलं आणि स्वतः चालवत प्लॉटबाहेर निघून गेले. खोका खुर्चीवर राहिला.

संपलं, असं मी मनाशी म्हणालो. इतर आईबाप कुजबुजत पांगले, पोरं तेवढी मांडवाच्या कडेला थांबली. ती स्टेजच्या कडेवर बसून राहिली. मी चहा आणला. तिने घेतला नाही, माझाही तसाच गार झाला. मला तिच्या बापाचा रागही आला होता आणि त्याची कणवही, आणि या दोन्हीचं काय करायचं ते माहीत नव्हतं. फोन हातात होता, पुण्याचा नंबर समोर होता, आणि तरी मी तो लावत नव्हतो.

दुपारी ऊन चांगलं तापल्यावर आवाज आला. जेसीबी परत येत होता आणि त्याच्या मागे डंपर. डंपरमध्ये काळे कातळ होते, पाया खोदताना निघतात तसले. मी उभा राहिलो. ती उभी राहिलीच नाही. विश्वासच बसला नसावा.

वडिलांनी पहिला दगड बकेटने उचलला, रोलर फिरवलेल्या जमिनीवर आणला आणि अगदी हळू ठेवला. आडवा. दुसरा, तोही आडवा. तिसराही. जेमतेम घोट्याएवढ्या उंचीचे, एखादं लहान पोर ओलांडेल असे. आता ती उठली. जेसीबीच्या समोर जाऊन तिने हात उभा धरला, हा असा. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते. वडिलांनी मान हलवली, नाही. तिने पुन्हा हात उभा धरला.

किती वेळ ती दोघं काचेतून एकमेकांकडे बघत होती कोण जाणे.  मग बकेट खाली आली, आडव्या दगडाच्या कडेत घुसली आणि दगड उभा झाला.

पुढे ती बोटाने दाखवत गेली आणि ते लावत गेले. डावीकडे, अजून थोडा, तिरका, बस. त्या पोरीचं घरात कुणी एवढं ऐकलं असेल असं मला वाटत नाही. फक्कीच्या रेघा पार मोडून गेल्या. शेवटचा दगड सगळ्यात मोठा, तिच्या छातीला लागणारा. तो उभा केल्यावर ते खाली उतरले. दगडाला खांदा लावून ढकललं. मग दुसऱ्या बाजूने ढकललं. बुडाशी माती लोटली, पायांनी चेपली, परत खांदा लावला. नवा शर्ट मातीने भरला. दगड हलत नाही हे आम्हाला सगळ्यांना कधीच दिसलं होतं, तरी ते थांबेनात.

अखेर धापा टाकत त्यांनी तिला विचारलं, "आनि वरती तोल गेला तं?"

"पाय टेकवायचा," ती म्हणाली. "पण मग एक मार्क जातो."

त्यांनी दगडाच्या टोकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"जाऊंदे," ते म्हणाले. "एक मार्क गेला तं जाऊंदे. तू पाय टेकव, बाय."

दोन वर्षं मी त्या मुलीला पाय टेकवू नकोस, पाय टेकवू नकोस असं ओरडत आलो होतो.  ती सायकलवर उभी राहिली, आणि तिचे वडील दगडाच्या पलीकडे जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले.